डाव्या चाकाची नोंद

१

कपाट बंद होतं, कुलूप शाबूत होतं, किल्ली माझ्या करदोट्याला होती आणि आतली नोंदवही मात्र गेली होती.

गुरुवारी सकाळी मी कपाटातलं सगळं बाहेर काढलं. इतिवृत्ताचं रजिस्टर, झेंडा, वारलेल्या सभासदांचे फोटो, चहाचे अकरा कप. बारावा भाऊसोने फोडला, अजून कबूल करत नाही. सगळं परत आत ठेवलं, परत बाहेर काढलं. नोंदवही काय कपामागे लपणार होती? पण अशा वेळी माणसाची अक्कल गुडघ्यात जाते.

आमचं मंडळ म्हणजे ससाणा स्क्वाड्रन माजी वायुसैनिक मंडळ, सातारा-सांगली. स्क्वाड्रनचा नंबर सांगणार नाही. चौदा वर्षं ‘गोपनीय’चे शिक्के मारलेत मी, हात सवयीने आवरतो. आमच्या मुलखात घरटी एक माणूस पलटणीत, त्यामुळे विमानदळ म्हटलं की लोक हटकून विचारतात, विमान चालवत होता का? आम्ही तेवीस सभासद, एकानेही चालवलेलं नाही. कुणी ते दुरुस्त केलं, कुणी त्यात सामान भरलं, भाऊसोने त्या सगळ्यांना जेवू घातलं, आणि मी, नानासो साबळे, त्यांच्या रजेचे अर्ज टाइप केले. मंडळाचा सेक्रेटरीही मीच, कारण दुसऱ्या कुणाला व्हायचं नव्हतं.

आता त्या नोंदवहीचं सांगतो. त्रेसष्टच्या जानेवारीत आम्ही आसामात होतो. एक डाकोटा सरहद्दीजवळच्या छोट्या धावपट्टीवर उतरताना तिच्या डाव्या चाकाचा पाय मोडला. विमान कलंडलं. बाकीचे वाचले, पण दाराशी बसलेला आमचा सिद्धू कोळेकर जागच्या जागी गेला. चौकशीत निघालं की चाकातला एक बोल्ट सैल झाला होता, आणि आदल्या दिवशी त्या चाकाचं काम सिद्धूनेच केलं होतं. शेरा पडला, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू. कुठलं काम कुणी केलं ते हँगरमधल्या वहीत रोज लिहिलं जायचं, पण त्याच आठवड्यात स्क्वाड्रन हललं आणि वही सामानात हरवली म्हणून सांगण्यात आलं.

बारा वर्षं झाली त्याला. गेल्या वर्षी मंडळाने साताऱ्यात स्मृतिशिला बसवायचं ठरवलं. सेवेत गेलेल्यांची पाच नावं निर्विवाद. सहावं सिद्धूचं, त्यावर आकारामने हरकत घेतली की स्वतःच्या चुकीने मेलेला हुतात्म्यांच्या रांगेत बसत नाही. सिद्धूची बायको सुलाबाई जतच्या पलीकडून दोन एसट्या बदलून तीनदा आली. दर वेळी शेंगांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवायची आणि एकच बोलायची, “त्यांच्या हातनं असं व्हनार न्हाई दादा. दगडावर नाव तेवढं बघा.” आणि मी कारकून माणूस, दर वेळी म्हणायचो, बाई, कागद आणा.

मग कागदच चालत आला. आमचे जुने वॉरंट ऑफिसर नाथाजी शिंदे पौषात वाईला वारले. त्यांच्या बायकोने, बनुबाईंनी, त्यांची ट्रंक मंडळाला दिली. वर्दीच्या खाली तीच वही. जानेवारी त्रेसष्ट.

रविवारच्या सभेत मी ती टेबलावर ठेवली. लग्नसराई असल्यामुळे सभेला आम्ही चौघंच होतो: मी, भाऊसो, मानसिंग आणि आकाराम. मी उघडणार तोच मानसिंगने ठराव मांडला की वही पुढच्या रविवारी सुलाबाईंच्या समोरच उघडावी. आकारामने अनुमोदन दिलं. दोन मिनिटांत मंजूर. आमच्या मंडळात चहात साखर किती यावर पाऊण तास जातो, म्हणून मला बरंच वाटलं. वही कपाटात ठेवली आणि सुलाबाईला तार केली.

आता ती बाई रविवारी येणार होती आणि तिला दाखवायला माझ्याकडे अकरा कप होते.

२

पोलिसांत जाऊन काय सांगणार? जी सरकारी वही आमच्याकडे असायलाच नको होती, ती आमच्याकडून चोरीला गेली? म्हणजे वहीही जायची आणि मीही.

मंगळवारी संध्याकाळी मी वही कपाटात बघितली होती. गेली ती बुधवारी. आमची खोली पोवई नाक्याजवळ एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर आहे. खोलीची किल्ली सगळ्यांना सोयीची पडावी म्हणून खाली गिरणीत खिळ्याला असते. गिरणीवाल्याला विचारलं, बुधवारी वर कोण गेलं? तो म्हणाला, गिरणी चालू असताना वर हत्ती नाचला तरी त्याला कळत नाही. अशा साक्षीदाराचं करायचं काय?

पण पिठाने माझं काम केलं. गिरणीचं पीठ वर येतं आणि सगळ्यावर बसतं, झाडून जीव जातो. कपाटापुढच्या फरशीवर पिठात दोन कोरे पट्टे ओढलेले दिसले. कपाट कुणीतरी पुढे ओढून परत लावलं होतं. मीही ओढलं. कंबर धरली ती अजून सुटलेली नाही.

कपाट लोखंडी, पुण्याच्या लिलावातून आणलेलं, एके काळी हवाईदलाचंच. पाठीमागचा पत्रा आठ बोल्टांनी बसवलेला. बोल्टांच्या डोक्यांना बारीक भोकं, त्यांतून पिळलेली तार ओवलेली. मी मनात म्हटलं, हवाईदलाची वस्तू, असेल अशीच. मला काय कळतंय त्यातलं? पण एक गोष्ट कारकुनालाही कळते. बाकी पत्र्यावर पिठाचा थर होता आणि बोल्टांवर मात्र पिठाचा कणही नव्हता. म्हणजे चोराने कुलपाला हातच लावला नव्हता. मागचा पत्रा काढला, वही घेतली, पत्रा परत बसवला.

वहीची खबर फक्त सभेतल्या चौघांना. मला सोडलं तर राहिले तिघं. तिघांपैकी एकाचं नाव त्या वहीत नको तिथे असणार, हे उघड होतं. कोणाचं?

दुपारी पाथरवट आला. शिळा पॉलिश होऊन पडली होती, महिनाअखेरीला एक मोठे साहेब येऊन अनावरण करणार होते. तो म्हणाला, सहावं नाव घालायचं का न्हाई ते रविवारच्या आत सांगा, न्हाईतर मी खाली फूल काढून मोकळा होतो. मी म्हटलं, बाबा, फूल काढू नकोस. तो म्हणाला, मंग नाव द्या.

३

शुक्रवारी आधी भाऊसोला गाठलं. त्याचं एसटी स्टँडासमोर भज्यांचं दुकान आहे. सगळ्यांचा पहिला संशय नेहमी त्याच्यावर, कारण मेसमधला कुठलाही बंद डबा तो उघडू शकायचा. मी विषय काढताच त्याने झारा खाली ठेवला आणि अर्धा तास मला सुनावलं. तुम्ही फिटर, तुम्ही क्लार्क, मी आचारी, म्हणून चोर मीच. फुटलेल्या कपाचं बालंट माझ्यावरच. आकाराम परवा दोन प्लेट भजी खाऊन गेला, मीठ कमी आहे असं म्हणाला नाही, तेवढीच त्याची मेहरबानी. मानसिंग तर ओळखच दाखवत नाही. मी मुंडी हलवत राहिलो आणि निम्मं ऐकलं नाही. भाऊसोचं सगळं ऐकलं तर माणसाला दुसरं काही करायला वेळ उरत नाही.

मग मानसिंग जाधवकडे गेलो. तो विमानाच्या सांगाड्याचा फिटर. चाकं, पंख, पत्रा हे त्याचं काम. आता कोरेगाव रस्त्याला मोटारदुरुस्तीचं गॅरेज आहे. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली, पाना जागेवर नसला की रिकामी आकृती दिसते. मी बोलत होतो तेव्हा तो पाने मोजत होता. मोजून झाले की परत मोजायचा.

“बुधवारी कुठं होतास?”

“हितंच. कुठं जानार?” तो म्हणाला. “कपाट तुझं, किल्ली तुझ्या कमरंला, आन इचारतुयास मला. ऱ्हाऊ दे की आता, नानासो. बारा वर्सं झाली. त्या बाईला तरी किती नाचवशील?”

मी नाचवतोय! तीनदा मी तिला परत पाठवलं हे खरं, पण नियम ह्या लोकांचे आणि शिव्या मला. रागारागाने सायकलवर बसलो तर चेन पडली. मानसिंगने ती न बोलता बसवली, चाक फिरवून बघितलं, परत फिरवून बघितलं, आणि मगच मला जाऊ दिलं.

राहिला आकाराम. त्याच्याबद्दल एक सांगायला हवं. मानसिंग आणि आकाराम यांच्यात बारा वर्षं बोलणं नाही. कारण कुणालाच ठाऊक नाही. कुणी म्हणतं बढतीवरून, कुणी म्हणतं ट्रान्झिस्टरवरून. सभेत एक जण म्हणणार, नानासो, त्यांना सांगा पंखा बंद करा. दुसरा म्हणणार, नानासो, त्यांना सांगा उकडतंय. दोघांत हातभर अंतर आणि मधे मी. मंडळाच्या घटनेत सेक्रेटरीची कामं लिहिली आहेत, त्यात हे नाही.

४

शनिवारी पहाटेच्या एसटीने सांगलीला गेलो. आकाराम पाटील विश्रामबागेत राहतो. स्क्वाड्रनमध्ये सार्जंट होता, तपासनीस. फिटरने केलेलं काम त्याने बघायचं आणि सही करायची. आता एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपात तेच करतो. घर आरशासारखं लख्ख. त्याची बायको चहा देताना त्याच्या शर्टाच्या खिशावरचा लाल डाग दाखवून म्हणाली, कितीबी धुवा, जात न्हाई. आकारामने खिशावर हात ठेवला आणि कामाचं बोला म्हणाला.

कामाचं काय बोलणार? त्यानेच बोलायला सुरुवात केली. वहीची जबाबदारी सेक्रेटरीची. वही हरवली, सेक्रेटरीने राजीनामा द्यावा. सुलाबाईंना रविवारी वही गहाळ झाल्याचं सांगावं आणि विषय कायमचा बंद करावा. पाच नावांनी शिळा पुरी करावी. सगळं तो मुद्दे घालून बोलत होता.

“तुम्ही साताऱ्याला कधी आला होता?” मी विचारलं.

“रविवारी सभेला. त्यानंतर नाही,” तो म्हणाला.

तिथून आधी मिरजेला गेलो, कारण आमचा अर्जुना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्याच दिवशी सुटत होता आणि त्याला साताऱ्याला घेऊन यायचं सेक्रेटरीच्याच गळ्यात होतं. अर्जुना इंजिनाचा फिटर. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्याने नुसता उजेड-अंधार कळतो. सभेला नव्हता आणि पंधरा दिवस दवाखान्यात, त्यामुळे हा फिटर तरी नक्की संशयाबाहेर होता. कऱ्हाड येईपर्यंत मी त्याला सगळं सांगून टाकलं. कपाट, पीठ, बोल्ट, तार.

“तार?” अर्जुना म्हणाला. “कसली तार रं?”

“होतीच की ती. पिळलेली. बोल्टांच्या भोकातनं.”

“नानासो, त्ये कपाट लिलावातनं आनून खाली उतरवलं तवा मी हुतो. भोकं हुती. तार न्हवती. मला आदी खोलीवर ने.”

५

स्टँडवरून थेट खोलीवर गेलो. ऊन कलत आलं होतं. गिरणी थांबवायला लावली, कपाट परत ओढलं, आणि अर्जुनाचा हात धरून पाठीमागच्या पत्र्यावर ठेवला.

त्याने आठही बोल्ट बोटांनी चाचपले. एका बोल्टाची तार दुसऱ्यात, दुसऱ्याची तिसऱ्यात. टोक मुडपून आत वळवलेलं, हाताला लागू नये म्हणून. मग त्याने मला समजावलं. विमान थरथरतं, बोल्ट सैल होतात. म्हणून बोल्ट आवळला की त्याला तारेने बांधायचं, असं की तो सुटायला लागला तर तारच त्याला परत आवळेल. हे सांगाडावाल्याचं काम आहे, तो म्हणाला. आम्ही इंजिनवाले पीळ बारीक घालतो. हा पीळ मोठा, सैलसर, सुबक. मी असा पीळ एकाच माणसाचा बघितलाय.

“मानसिंग,” मी म्हणालो.

“मानसिंगच. पर चोरी कराया आल्याला मानूस तार कशाला बांधंल? पत्रा लावायचा आन पळायचं.”

मलाही तेच कळेना. तरी सुटल्यासारखं वाटलं, एकदाचा चोर सापडला. कपाट मागे ढकलता ढकलता मी सहज म्हणालो की पत्रा खराब केलाय लेकाने, प्रत्येक बोल्टावर लाल रंगाचा शिंतोडा उडालाय.

अर्जुना थांबला. त्याला तो रंग दिसणं शक्यच नव्हतं, आणि मी दोन दिवस बघून न बघितल्यासारखं केलं होतं.

“शिंतोडा का ठिपका? नीट बघ. निम्मा बोल्टावर, निम्मा पत्र्यावर हाय का?”

बघितलं. आठही ठिकाणी निम्मा बोल्टावर, निम्मा पत्र्यावर.

“मंग त्यो मानसिंगचा न्हवं,” अर्जुना हळूच म्हणाला. “बोल्ट जरा जरी हलला तर ठिपका तुटतो, त्यासाठी असतो त्यो. आन त्यो काम करनाऱ्यानं लावायचा नसतो. करनारा येक, बघनारा दुसरा. आपलंच काम आपुन पास करायचं न्हाई, ह्ये आमच्या हाडात हाय. नानासो, हितं दोगं हुते.”

६

रविवारी मी दोघांना सुलाबाईच्या तासभर आधी बोलावलं. मानसिंग खिडकीशी बसला, आकाराम दाराशी. नेहमीप्रमाणे मी मधे. भाऊसोला जिन्यात बसवलं आणि ओरडायचं नाही अशी शपथ घातली.

मी इतिवृत्त उघडून वाचलं. वही पुढच्या रविवारी उघडावी. सूचक मानसिंग जाधव, अनुमोदक आकाराम पाटील. पंखा एकमेकांना विचारून बंद न करणारी माणसं एका ठरावावर दोन मिनिटांत एक झाली आणि ते मीच माझ्या हाताने लिहून घेतलं. माझ्यासारखा शहाणा मीच.

मग म्हणालो, “बोल्टांना तार मानसिंगची आहे. ठिपके तपासनिसाचे आहेत. आपल्या मंडळात तपासनीस दोनच होते. नाथाजी पौषात गेले. राहिलात तुम्ही, आकाराम. खिशातली लाल रंगाची बाटली गळते तुमची, वहिनींनी डाग दाखवला. आणि साताऱ्याला रविवारनंतर आलो नाही म्हणालात, पण शुक्रवारी भाऊसो मला सांगत होता की परवा तुम्ही त्याच्याकडे भजी खाल्लीत. शुक्रवारच्या परवा म्हणजे बुधवार. तेव्हा माझं लक्ष नव्हतं.”

जिन्यातून भाऊसो म्हणाला, “माझं कुनी ऐकतंय व्हय.”

आकारामने पिशवी जवळ ओढली. माझा पारा चढला. मी म्हटलं, चोरी करायची तर धड करायची. तार कशाला बांधली? ठिपके कशाला लावले? कुणासाठी?

मानसिंग बोलला. बोलताना हातांकडे बघत होता.

“न बांधता हात निघत न्हाई, नानासो. त्या दिसापासनं निघत न्हाई. तवा थंडी लय हुती. तारंचं बंडल संपलं हुतं, दुसऱ्या हँगरातनं आनाया लागनार हुतं. म्हनलं, सकाळी बांधू. सकाळी इमान गेलं.”

“आणि मी न बघता सही केली,” आकाराम म्हणाला. “मानसिंगचं काम, त्यात काय बघायचं म्हणून. त्यानंतर एकही सही न बघता केली नाही. कपाटाची सुद्धा.”

“सायेब म्हनले, डावं चाक कुनाचं? आमी दोगांनी येकदमच सिद्धूचं नाव घेतलं. ठरवलं न्हवतं,” मानसिंग म्हणाला. “म्हनलं, मेल्याला काय सजा व्हनार हाय? तवापासनं ह्येच्याशी बोलवत न्हाई. बुधवारीबी मी पाना घिऊन आलो तर ह्यो आदीच दाराशी, शबुद न बोलता पत्रा काढला. ह्यो तोंड उघडायला लागला की त्योच शबुद आठवतो.”

नाथाजींनी आपल्या मुलखातली दोन पोरं वाचवायला वही दडवली आणि मरेपर्यंत ट्रंकेला कुणाला हात लावू दिला नाही. ह्या दोघांनीही तिची होळी केली नव्हती, हे मला न विचारता कळलं. नोंद केलेलं पान फाडायचं नसतं, हेही ह्यांच्या हाडात असणार. आकारामने पिशवीतून वही काढली आणि टेबलावर ठेवली. बुधवारपासून तो ती घेऊनच हिंडत होता.

मला त्या दोघांचा संताप आला होता, आणि त्याच वेळी दया आली याचाही संताप आला. तेवढ्यात भाऊसो जिन्यातून म्हणाला, बाई आल्यात.

सुलाबाईने शेंगांची पिशवी टेबलावर ठेवली. मी पान उघडून वाचलं. डावं चाक, बोल्ट बदलला, काम मानसिंग जाधव, तपासणी आकाराम पाटील. उजवं चाक, बोल्ट बदलला, काम सिद्धू कोळेकर, तपासणी नाथाजी शिंदे. कुठलं चाक मोडलं ते तिला सांगावं लागलं नाही. बारा वर्षं तिला तेच ऐकवलं गेलं होतं.

“त्यांचं नाव कुठं हाय?” तिने विचारलं. तिला वाचता येत नव्हतं. मी तिचं बोट धरून नावावर ठेवलं. तिने ते बराच वेळ तिथेच राहू दिलं. मग त्या दोघांकडे बघितलं. त्यांनी माफी मागितली, आकारामने उभं राहून, मानसिंगने बसल्या जागी. मी म्हटलं, बाई, नाव शिळेवर येईल, आजच पाथरवटाला सांगतो. हवाईदलालाही कळवतो, वहीसकट.

“घाला की,” सुलाबाई म्हणाली. “पर दादा, तुमचा दगुड वाचाया आमच्या गावचं कोन येनार हाय? माझ्या सासूनं बारा वर्सं लेकाचं नाव घेतलं न्हाई. म्हनती, त्यानं आपल्या हातानं वाटुळं केलं आन वर लोकांची हाडं मोडली. मी सांगून थकले. ह्या दोगांनी गावात यावं आन तिच्या म्होरं बसून सांगावं. मला दुसरं काय नगं.”

७

पुढच्या गुरुवारी मी आणि मानसिंग साताऱ्याहून निघालो. आकाराम सांगलीला चढला. गाडीत एकच जागा होती, मानसिंगशेजारी. तो बसला. कवठेमहांकाळ मागे पडेपर्यंत दोघांपैकी कुणी बोललं नाही, आणि मी म्हटलं, आता मधे पडायचं नाही, मेलो तरी नाही.

मग आकारामने विचारलं, “काय बोलायचं ते ठरवलंय का?”

“गेल्या येळीबी ठरवलं न्हवतं,” मानसिंग म्हणाला.

सिद्धूची आई दगडाबाई दारातल्या घोंगडीवर बसली होती. ऐंशीची असेल. सुलाबाईने तिच्या कानाशी सांगितलं, आत्ती, त्यांच्या पलटनीतली मानसं हाईत. म्हातारीने मान फिरवली. मानसिंग तिच्या पुढ्यात मातीत बसला आणि सांगायला लागला. थंडी, संपलेली तार, सकाळ. जिथे तो अडला तिथून आकारामने पुढे सांगितलं, न बघता केलेली सही, साहेबांचा प्रश्न, सिद्धूचं नाव. काही वगळलं नाही, स्वतःला सोडवणारं काही घातलं नाही. मी वही मांडीवर घेऊन बसलो होतो, पण ती कुणी मागितली नाही.

म्हातारीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. शिव्या देईल असं मला वाटत होतं. तिने विचारलं, “आन उजवं चाक? माझ्या लेकानं केल्यालं? त्येचं काय झालं?”

आकारामला आधी कळलंच नाही ती काय विचारते आहे. मग म्हणाला, “ते उभं होतं, आज्जी. विमान कलंडलं तरी ते चाक तसंच उभं होतं. मोडलेलं विमान उचलायला आम्हीच दोघं गेलो होतो, डोळ्यांनी बघितलंय.”

म्हातारीने घोंगडी सारखी केली. मग सुलाबाईला म्हणाली, “सुले, वरल्या आळीची सगळी बलवून आन. आन ह्यास्नी पानी दे. परत पयल्यापासनं सांगू द्यात.”

माणसं येत गेली आणि दोघं परत परत पहिल्यापासून सांगत गेले. प्रत्येक वेळी उजव्या चाकापाशी आले की म्हातारी हात वर करून त्यांना थांबवायची आणि तेवढं वाक्य स्वतः सांगायची, “माझ्या सिद्धूचं चाक उबं ऱ्हायलं हुतं.” आमची परतीची एसटी निघून गेली तेव्हा ती ते पाचव्यांदा सांगत होती.